शह बसल्यावर इंजिन काय करतं

१९७७ साली टोरांटोत बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांची दुसरी जागतिक स्पर्धा झाली. तीन वर्षांपूर्वी पहिली स्पर्धा जिंकलेल्या मॉस्कोच्या ‘काइसा’ची गाठ तिथे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ‘डचेस’शी पडली. चौतिसाव्या चालीला डचेसच्या वजिराने ए८वर (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या १ ते ८) येऊन काइसाच्या काळ्या राजाला शह दिला. राजा जी८वर होता. उत्तर शाळकरी पोरालाही सुचलं असतं: राजा एक घर वर सरकवा, जी७वर. काइसाने तसं केलं नाही. त्याने हत्ती उचलून ई८वर, वजिराच्या तोंडी, फुकटात नेऊन ठेवला. प्रेक्षकांत माजी जगज्जेते मिखाईल बॉटविनिक बसले होते. त्यांच्यासकट सगळ्यांना वाटलं की प्रोग्रॅममध्ये काहीतरी बिघडलंय. हत्ती गेल्यावर काइसा तो डाव हरलंही.

नंतर काइसालाच विचारलं, जी७ का नाही? त्याने दाखवलेलं उत्तर असं: राजा जी७वर गेला की पांढरा वजीर एफ८वर उडी घेऊन पुन्हा शह देतो, तोही स्वतःचा जीव देऊन. राजाला वजीर मारावाच लागतो. मग एच६वरून उंटाचा शह. राजा परत जी८वर. मग सी८वरून हत्तीचा शह. काळ्याने मध्ये काहीही घातलं तरी ते खात खात हत्ती मात करतो. बॉटविनिकसह तिथल्या कुणालाही हे दिसलं नव्हतं. हत्ती गमावणं आणि मात होणं यांत काइसाने हत्ती निवडला होता.

हा किस्सा बहुतेक वेळा संगणकाच्या हुशारीचा दाखला म्हणून सांगतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट खुणावते. ती सगळी ओळ शहांची आहे. प्रत्येक शहाला काळ्याकडे एकदोनच उत्तरं आहेत. इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला, इतक्या लांबचं दिसलं, कारण फांद्या फुटायला जागाच नव्हती. शह ही इंजिनासाठी सगळ्यात मोठी सवलत आहे आणि सगळ्यात मोठा सापळाही तोच आहे. मी हौसेने इंजिन लिहायला घेतलं तेव्हा माझ्या निम्म्याअधिक बगांचं मूळ या एका शब्दात निघालं. म्हणून हा लेख.

आधी इंजिन काम कसं करतं ते थोडक्यात. ते स्वतःची प्रत्येक चाल खेळून बघतं, तिच्यावर प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चाल, तिच्यावर पुन्हा आपली, असं एक झाड वाढवत जातं. ठरलेल्या खोलीला पोचलं की थांबतं आणि पटावर कुणाचं किती बळ उरलं याचा आकडा काढतं. खोली अर्ध्या चालींत मोजतात: पांढऱ्याची एक, काळ्याची एक, अशा दोन. हे आकडे झाडावरून खाली मुळापर्यंत आणायचे. प्रत्येक टप्प्यावर ज्याची पाळी असेल तो आपल्या फायद्याचा आकडा उचलणार. वाया जाणाऱ्या फांद्या लवकर छाटायच्या. बाकी सगळी कारागिरी या छाटणीत आहे.

आता राजाकडे येऊ. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संगणकाला बुद्धिबळ खेळायला लावण्यावरच्या आपल्या १९५०च्या निबंधात मोहऱ्यांच्या किमती दिल्या होत्या: प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९, आणि राजा २००. बुद्धिबळात राजा कधी मारलाच जात नाही, मग त्याला किंमत कशाला? पण यातच एक झकास युक्ती दडलेली आहे. राजाला प्रचंड किंमत द्या आणि शह-बिह विसरून जा. इंजिनाला हवी ती चाल खेळू द्या, अगदी राजा शहात ठेवूनही. पुढच्या अर्ध्या चालीला प्रतिस्पर्धी राजा मारेल, आकडा दोनशेने कोसळेल आणि ती चाल आपोआप नाकारली जाईल. नियम वेगळा शिकवायची गरजच नाही. हार्म गेर्ट म्यूलर यांचं ‘मायक्रो-मॅक्स’ हे इवलंसं इंजिन जवळपास याच वाटेने जातं. त्याचा सगळा प्रोग्रॅम दोनेक हजार अक्षरांत मावतो.

मग सगळे असंच का करत नाहीत? कारण स्टेलमेट. राजाला शह नाही, पण खेळायला एकही कायदेशीर चाल नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. शह आहे आणि चाल नाही, तर मात. राजा मारू देणाऱ्या इंजिनाला दोन्ही सारखंच दिसतं: काहीही खेळा, राजा जातो. वजिराने जिंकत आलेला डाव ते खुशाल बरोबरीत घालवतं आणि वर मात केल्याच्या थाटात बसतं. यावर उपाय आहे, पण त्यासाठी शेवटी तोच प्रश्न विचारावा लागतो जो टाळायचा होता: आत्ता, या क्षणी, राजाला शह आहे का?

तर हा प्रश्न स्वस्तात कसा विचारायचा? पहिल्यांदा लिहिताना सगळे एकच करतात. प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्या चाली काढायच्या आणि एखादी राजाच्या घरावर पडते का ते बघायचं. डावाच्या मध्यावर एका बाजूला तीस-चाळीस चाली असतात. साध्या लॅपटॉपवरचं इंजिनही सेकंदाला लाखो वेळा हा प्रश्न विचारतं. परवडत नाही.

शहाणपणाची रीत उलटी आहे. शत्रूच्या बाजूने बघायचं नाही, राजाच्या घरात उभं राहून बाहेर बघायचं. क्षणभर समजा की राजाच्या जागी घोडा आहे. त्याच्या उडीच्या जास्तीत जास्त आठ घरांत शत्रूचा घोडा आहे का? असेल तर शह. मग समजा तिथे उंट आहे. तिरपं चालत जा, पहिलं मोहरं लागेल तिथे थांबा. ते शत्रूचा उंट किंवा वजीर असेल तर शह. तसंच हत्तीचं. शेजारच्या आठ घरांत शत्रूचा राजा नाही ना तेही बघा. प्याद्यापाशी मात्र जरा जपून, कारण प्यादं एकाच दिशेला मारतं. पांढऱ्या राजाच्या जागी पांढरंच प्यादं आहे असं समजायचं आणि ते जी दोन घरं मारू शकेल तिथे काळं प्यादं शोधायचं. इथे रंग उलटा धरला की इंजिनाला राजाच्या पाठीमागची प्यादी छळायला लागतात आणि समोरची दिसत नाहीत. मी धरला होता.

आता एक डाव मांडू. खरा पट असेल तर त्यावर मांडा, पुढे बराच वेळ तो लागणार आहे. पांढरा राजा जी१वर, त्याच्यासमोर एफ२, जी२, एच२वर प्यादी. पांढरा हत्ती डी१वर, घोडा ए४वर. काळा राजा जी८वर, प्यादी एफ७, जी७, एच७वर, हत्ती ई८वर आणि घोडा डी७वर. पटावर बाकी काही नाही. दोघांचं बळ सारखं, चाल पांढऱ्याची. काळा घोडा निराधार दिसतो. पांढऱ्याने हत्तीने तो मारला तर?

क्लबातला कुणीही ओरडेल, अरे थांब. हत्ती डी१वरून हलला की काळा हत्ती ई१वर उतरतो आणि मागच्या पट्टीवर मात. राजाच्या पुढे स्वतःचीच तीन प्यादी, एफ१ हत्तीच्या माऱ्यात, आणि मध्ये घालायला कुणी पोचत नाही.

आणि एच१? राजा कोपऱ्यात का जात नाही? माणसाला हा प्रश्न पडतच नाही. हत्ती सरळ रेषेत मारतो, राजा त्याच रेषेत मागे सरकला तर सुटत नाही हे डोळ्यालाच कळतं. इंजिनाला तसं कळत नाही. ते एच१ या घराला विचारतं, तुझ्यावर कुणाचा मारा आहे का? घर डावीकडे बघतं. पहिलं मोहरं लागतं जी१वरचा पांढरा राजा. वाट अडलेली, म्हणजे मारा नाही. एच१ सुरक्षित! ज्या राजाला पळायचंय तोच हत्तीची वाट अडवून उभा आहे, आणि तो हलला की वाट मोकळी होणार, हे इंजिनाच्या ध्यानात येत नाही. उपाय एका ओळीचा आहे. राजाच्या पळण्याची घरं तपासताना राजाला पटावरून उचलून बाजूला ठेवायचं आणि मगच मारा बघायचा. ही एक ओळ विसरली म्हणून किती इंजिनांनी झालेली मात नाकारली असेल, देव जाणे.

शह आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न, कितीजणांचा? एकाचाच असेल तर सुटकेच्या तीन वाटा: राजा हलवणं, शह देणाऱ्याला मारणं, किंवा मध्ये काही घालणं. घोड्याचा किंवा प्याद्याचा शह असेल तर मध्ये घालायची वाटही बंद, कारण मध्ये घरच नसतं. दोघांचा एकदम शह असेल, म्हणजे एक मोहरं बाजूला होऊन स्वतःही शह देतं आणि मागच्याचीही वाट मोकळी करतं, तर फक्त राजा हलवता येतो. म्हणून चांगली इंजिनं शहात असताना नेहमीचा चाली काढायचा कारखाना बंद ठेवतात आणि सुटकेच्या चालींचा वेगळा छोटा कारखाना चालवतात. चाळीस चाली काढून सदतीस फेकण्यापेक्षा मुळात तीनच काढलेल्या बऱ्या. १९९७ साली जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लू या संगणकाच्या चिपमध्ये तर शह देणाऱ्या आणि शह चुकवणाऱ्या चाली काढायची सोय थेट सर्किटातच होती.

शह नसतानाही राजाची काळजी असतेच. जे मोहरं हललं की राजा उघडा पडतो ते बांधलेलं. अशी बांधलेली मोहरी पटावरच्या प्रत्येक मांडणीत एकदाच हुडकून ठेवली की प्रत्येक चाल खेळून, राजा तपासून, चाल परत घ्यायची कटकट वाचते. मोहरं बांधलेलं नाही आणि चाल राजाची नाही, म्हणजे चाल कायदेशीर. बास. अपवाद एकच, आणि तो असा की रात्रीची झोप उडवतो.

पांढरा हत्ती बी४वर, त्याच आडव्या पट्टीत एफ४वर काळं प्यादं, पलीकडे एच४वर काळा राजा. पांढरं प्यादं ई२वरून दोन घरं उडी मारून ई४वर येतं. काळ्याला ते आँ पासाँ, म्हणजे दोन घरं उडी मारलेलं प्यादं एकच घर आल्यासारखं धरून, मारता येईल का? म्हणजे एफ४चं प्यादं ई३वर जाणार आणि ई४चं पांढरं प्यादं उचललं जाणार. आता पट्टीत हत्ती आणि राजा यांच्यामध्ये दोन प्यादी आहेत, त्यामुळे एकही बांधलेलं नाही. इंजिन म्हणतं, बिनधास्त मार. पण या एका चालीत दोन्ही प्यादी एकदम त्या पट्टीतून नाहीशी होतात आणि हत्ती थेट राजावर पडतो. बुद्धिबळात एकाच पट्टीतून दोन मोहरी एका चालीत उठण्याचा हा एकमेव प्रकार. म्हणून आँ पासाँसाठी तपासणी वेगळी लिहावी लागते, आणि जो तो एकदा ठेच लागल्यावरच लिहितो.

ठेच लागली हे कळतं कसं? इंजिन लिहिणारे ‘पर्फ्ट’ नावाची चाचणी लावतात. अमुक खोलीपर्यंत एकूण किती कायदेशीर चालक्रम होतात ते नुसतं मोजायचं. सुरुवातीच्या डावातून एका अर्ध्या चालीत २०, दोनांत ४००, तिनांत ८,९०२, चारांत १,९७,२८१. या शेवटच्या ढिगात ४६९ ठिकाणी शह आहे आणि बरोबर ८ ठिकाणी मात. ती आठही एकाच मूर्ख मातीची रूपं आहेत, पांढऱ्याने एफ आणि जीची प्यादी ढकलली की वजीर एच४वर. हे आकडे जगभर सगळ्यांचे सारखे येतात, त्यामुळे एकानेही फरक पडला तर चूक आपलीच. वर सांगितलेली पट्टी ज्या डावात आहे तो चाचणीचा डाव प्रसिद्ध आहे. त्यात दोन अर्ध्या चालींना १९१ चालक्रम यायला हवेत. आँ पासाँचा सापळा न कळलेल्या इंजिनाला १९३ मिळतात, कारण शेजारच्या जीच्या प्याद्यालाही तोच डाव लागू पडतो. दोन जास्त. तेवढ्या दोनांसाठी मी एक अख्खा रविवार घालवलाय.

किल्लेकोटाबद्दल, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याबद्दल, जाता जाता. आपल्याकडे अनेक घरांत सांगतात की एकदा शह बसला की किल्लेकोट गेला. आंतरराष्ट्रीय नियम तसा नाही. शह असताना किल्लेकोट करता येत नाही, पण राजा न हलवता शह मोडला तर पुढे खुशाल करा. ही समजूत बहुधा जुन्या देशी खेळातून आली असावी. तिथे राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता येई, पण त्याआधी शह बसला की ती सवलत जाई. इंजिनात किल्लेकोटासाठी राजाचं घर, तो ओलांडतो ते घर आणि पोचतो ते घर, अशी तीन घरं तपासायची. वजिराच्या बाजूला बी१वर मारा असला तरी हरकत नाही, तिथून फक्त हत्ती जातो. मी तेही घर तपासत होतो.

हे सगळं झालं नियमांचं. आकडे जुळले की इंजिन कायदेशीर खेळतं, पण चांगलं खेळेलच असं नाही. खरी गंमत शोधात आहे.

शोध कुठेतरी थांबवावा लागतो, पण हाणामारीच्या ऐन मध्यात थांबून आकडा काढला तर तो खोटा निघतो. वजिराने प्यादं मारलंय आणि पुढच्या चालीला तो वजीर मरणार आहे, अशा जागी थांबलेलं इंजिन म्हणेल, एक प्यादं कमावलं. हे शॅनन यांनाही दिसलं होतं. आकडा शांत डावावरच काढावा असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. म्हणून ठरलेली खोली संपली की इंजिन एक छोटा जास्तीचा शोध करतं, फक्त मारामारीच्या चालींचा. त्याला क्वायेसन्स सर्च म्हणतात. मात्र मारायची सक्ती कुणावरच नसते. ज्याची पाळी तो आधी म्हणू शकतो, मला काही मारायचं नाही, आहे तो आकडा मला चालेल. कारण प्रत्यक्ष डावात त्याच्याकडे कुठली ना कुठली साधी चाल असणारच.

आता आपला मांडलेला डाव घ्या आणि इंजिनाला दोन अर्ध्या चाली खोल बघायला सांगा. पांढरा हत्ती डी७वरचा घोडा मारतो. काळा हत्ती ई१वर येतो. दोन अर्ध्या चाली संपल्या, मारामारीचा शोध सुरू. पाळी पांढऱ्याची. इंजिन विचारतं, कायदेशीरपणे मारण्यासारखं काही आहे? नाही. मग आहे तो आकडा: एका घोड्याने पुढे, अधिक ३. छान! आणि मुळात बसलेलं इंजिन आनंदाने घोडा खातं आणि मरतं.

चूक कुठे झाली? ‘आहे तो आकडा मला चालेल’ असं म्हणण्यात. तो हक्क फक्त शह नसताना असतो. शह म्हणजे प्रतिस्पर्ध्याने तुमची पाळी ताब्यात घेतलेली असते. तुम्हाला काहीतरी करावंच लागतं, आणि करण्यासारखं काही नसेल तर डाव संपला. म्हणून मारामारीच्या शोधातही पहिला प्रश्न, मला शह आहे का? असेल तर गप्प बसायची सोय काढून घ्या आणि मारण्याच्याच नव्हे, सुटकेच्या सगळ्या चाली बघा. एकही नसेल तर मात. शह नसताना मात्र या शोधात चाली सापडल्या नाहीत म्हणून स्टेलमेट जाहीर करायचं नाही. आपण फक्त मारण्याच्या चाली बघत होतो, शांत चाली असतीलच.

हा एक मुद्दा नीट पचला की उरलेल्या युक्त्याही उलगडतात, कारण शोधातल्या बहुतेक छाटण्या याच गृहीतावर उभ्या आहेत. नल मूव्ह घ्या. इंजिन म्हणतं, मी पाळी सोडून देतो, प्रतिस्पर्ध्याला सलग दोन चाली खेळू देतो, तरीही मी खूप पुढे असेन तर ही फांदी बघण्यात अर्थ नाही. बहुतेक जागी हा अंदाज बरोबर येतो आणि झाड बेसुमार लहान होतं. शहात असताना पाळी सोडली तर मात्र प्रतिस्पर्धी थेट राजाच उचलेल. म्हणून शहात नल मूव्ह बंद. तसंच ‘आकडा इतका मागे आहे की एका शांत चालीने काही भरून निघणार नाही, सोडा’ ही छाटणी. शहात असताना आकड्यालाच भरवसा नसतो, म्हणून तीही बंद. कोड वाचाल तर जागोजागी एकच अट दिसेल: शह नसेल तरच.

उलट बाजूने, शहात असताना फांद्या मोजक्या असतात. सुटकेच्या दोन चाली, कधी एकच. मग त्या फांदीवर जरा पुढे बघायला काय हरकत आहे? यातून शहाची मुदतवाढ निघाली. शह बसला की ती अर्धी चाल खोलीत मोजायचीच नाही. आपल्या डावात काळा हत्ती ई१वर आला की खोली संपत नाही, एक पाऊल शिल्लक राहतं. इंजिन पांढऱ्याच्या चाली काढतं, एकही मिळत नाही, आणि मात दिसते. काइसाच्या ओळीसारख्या लांब शहमालिका अशाच पकडल्या जातात. कितीतरी वर्षं बहुतेक इंजिनांमध्ये ही मुदतवाढ सरसकट असायची.

तिला दुसरंही एक काम होतं. हरत आलेलं इंजिन अनेकदा रिकामे शह द्यायला लागतं. वजीर जाणारच आहे, पण मध्ये दोन निरर्थक शह खुपसले की वजीर जाण्याची चाल खोलीच्या पलीकडे ढकलली जाते, आणि जे दिसत नाही ते नाहीच असं इंजिन मानतं. पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते आणि संगणकशास्त्रज्ञ हान्स बर्लिनर यांनी १९७०च्या दशकात याला क्षितिज परिणाम असं नाव दिलं. परीक्षेचा निकाल लागू नये म्हणून पोस्टमनला वाटेत गप्पांत गुंतवून ठेवावं तसला प्रकार. शहाची उत्तरं मोजायचीच नाहीत असं ठरवलं की गप्पा मारून वेळ खाता येत नाही. पोस्टमन येतोच.

पण फुकटची मुदत दिली की ती उपटणारेही निघतात. वजीर मोकळ्या पटावर एकट्या राजामागे लागला तर शह संपतच नाहीत. प्रत्येक शहाला एक पाऊल जास्त, त्या पावलावर आणखी एक शह. झाड फुगतं, घड्याळ धावतं आणि इंजिन पाचव्या खोलीवरच अडकून बसतं. म्हणून कुंपणं घातली गेली. तोच डाव पुन्हा आला तर बरोबरी समजून परतायचं. मुळापासून खोली ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की मुदतवाढ बंद. शह देणारं मोहरं फुकटात मरत असेल तर त्या शहाला मान द्यायचा नाही. मारामारीच्या शोधात शांत शह बघायचेच असतील तर पहिल्या पायरीवरच, पुढे नाही.

यापेक्षा चतुर कल्पना टॉमस अनंतरामन, मरी कँपबेल आणि फेंग-श्युंग श्यू यांनी डीप ब्लूचा पूर्वज असलेल्या डीप थॉटवर काम करताना मांडली. त्यांनी विचारलं, मुदत शहालाच का द्यायची? जिथे एक चाल बाकी सगळ्यांपेक्षा खूप चांगली आहे, म्हणजे खऱ्या अर्थाने सुटकेची वाट एकच उरली आहे, तिथे द्या. मग शह असो वा नसो. शह हे सक्तीचं फक्त ठळक चिन्ह आहे, सक्ती त्याच्याशिवायही असते. आज बलाढ्य इंजिनांत ही पद्धत रुळली आहे आणि शहाला सरसकट मुदत देण्याचं महत्त्व पुष्कळ उतरलंय. घरगुती इंजिनात मात्र ती जुनी एक ओळ अजूनही दमदार काम करते. सुरुवात तिनेच करा असं मी म्हणेन.

राहता राहिली मात होण्याची किंमत. मात झाली की उणे ३०,००० असा ठोक आकडा दिला तर इंजिन जिंकायचंच विसरतं. आत्ताची मात आणि दहा चालींनंतरची मात त्याला सारखीच, मग घाई कशाला? म्हणून त्यात मुळापासूनचं अंतर मिसळतात. आपल्या डावात मुळापासून दोन अर्ध्या चालींवर मात आहे, तर आकडा उणे २९,९९८. लवकरची मात जास्त वाईट, उशिराची जरा कमी. हरणारा आपोआप लांबवतो, जिंकणारा आपोआप घाई करतो.

इथे शेवटचा खड्डा आहे. इंजिन एकदा बघितलेले डाव, म्हणजे पटावरच्या मांडण्या, एका मोठ्या तक्त्यात लिहून ठेवतं, म्हणजे वेगळ्या वाटेने तोच डाव आला की पुन्हा शोधायला नको. तक्त्यात मातीचा आकडा जसाच्या तसा लिहिला तर तो त्या वेळच्या मुळापासून मोजलेला असतो. दुसऱ्या वाटेने, वेगळ्या अंतरावरून तिथे पोचलात तर तो चुकीचा. लिहिताना अंतर मुळाऐवजी त्या डावापासून मोजलेलं करायचं आणि वाचताना आजचं अंतर परत मिसळायचं. एक अधिक, एक उणे.

माझ्या इंजिनात ही चिन्हं उलटी पडली होती. एका संध्याकाळी ते राजा आणि हत्ती घेऊन माझ्या एकट्या राजाविरुद्ध खेळत होतं. पडद्यावर ‘३ चालींत मात’ असं झळकलं. मी खेळलो. पुन्हा ‘३ चालींत मात’. हत्ती इकडून तिकडे, राजा तिकडून इकडे, आणि दर चालीला तीच घोषणा. चहा करून आलो तरी तीच. एकही प्यादं न हलता, काहीही न मारलं जाता पन्नास चाली झाल्या आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला. अधिक-उणे अदलाबदल केले, तोच डाव तिथूनच पुन्हा मांडला. पडद्यावर ‘३ चालींत मात’ आलं, मग २, मग १, आणि माझा राजा कोपऱ्यात अडकला.